परक्या गावातली पहिली खोली

सप्टेंबर उजाडला की आपल्या वाशिम जिल्ह्यात शेतातले सोयाबीन पिवळे पडू लागते आणि कापणीसाठी मजूर कधी मिळतील याची चौकशी सुरू होते. त्याच दिवसांत रिसोडच्या, मंगरुळपीरच्या किंवा कारंज्याच्या एखाद्या घरात मात्र वेगळीच लगबग असते. पलंगावर मोठी बॅग उघडी पडलेली असते. विमानात २३ किलोच चालते म्हणून तिला काट्याला लटकवून पुन्हा पुन्हा तोलले जाते. जवसाच्या चटणीचा डबा आत जातो, पापड आत जातात, लहान कुकर आत जातो, एक स्वेटर बाहेर येतो. आई तो स्वेटर पुन्हा आत कोंबते. आजी म्हणते, घरच्या तुपाचा डबा राहिला. मुलगा सांगतो की ब्रिटनमध्ये तूप, खवा, पेढे असे दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. आजीला हे पटत नाही. ज्या देशात तूप नेऊ देत नाहीत त्या देशात नातू शिकून काय येणार, हा तिचा प्रश्न असतो.

मग संध्याकाळची ट्रॅव्हल्स किंवा अकोल्याहून रेल्वे, मुंबईचा विमानतळ, काचेपलीकडून हात हलवणे आणि परतीच्या प्रवासात कोणीच कोणाशी न बोलणे. दुसऱ्या दिवशी फोन येतो. पोहोचलो. कसं आहे? बरं आहे.

या ‘बरं आहे’ विषयीच आज थोडे बोलायचे आहे. परक्या देशातल्या, परक्या शहरातल्या विद्यार्थ्याचे पहिले दिवस या दोन शब्दांच्या मागे दडलेले असतात. ते दिवस कसे जातात हे घरच्यांना कळत नाही, मुलगा सांगत नाही आणि पुष्कळदा तिथेच गोष्टी घडतात किंवा बिघडतात.

कारंज्याच्या शाळेतून एडिंबरोपर्यंत

आपल्या भागाला हे नवे नाही. डॉ. पंजाबराव देशमुखांचा जन्म १८९८ सालचा, अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचा. पापळला शाळेचे वर्ग पुरेसे नव्हते, म्हणून शिक्षणासाठी त्यांना लहानपणीच घर सोडावे लागले. त्या फिरतीत त्यांचे काही शिक्षण कारंजा लाड येथे झाले. कारंजा त्या वेळी अकोला जिल्ह्यात होते. इंग्रजांनी पूर्वीचा वाशिम जिल्हा १९०५ साली मोडला होता आणि तो पुन्हा अस्तित्वात यायला १ जुलै १९९८ उजाडावा लागला. कारंज्यानंतर अमरावतीचे हिंदू हायस्कूल, मग पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज, आणि १९२० साली थेट विलायत.

म्हणजे हा मुलगा एडिंबरोला पोहोचण्यापूर्वी परक्या गावात राहण्याचे धडे गिरवून चुकला होता. आपल्याला आज कारंजा आणि पापळ यांत परकेपणा वाटणार नाही. पण घर सोडून आलेल्या शाळकरी पोराला विचारून पाहावे. दुसऱ्याच्या ओट्यावर बसून जेवणे, आजारपणात आई जवळ नसणे, सणाला गावी जायला मिळेल की नाही याची वाट पाहणे, हे सारे तेव्हाच शिकून होते. एडिंबरोत फरक पडतो तो अंतराचा आणि हवेचा.

हवेचा फरक मात्र लहान नव्हे. वाशिम साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, एडिंबरो ५६ अंशांवर. तिथे डिसेंबरात सकाळी साडेआठनंतर कुठे उजाडते आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. समुद्रावरून धुके येते आणि दगडी इमारतींवर बसून राहते. मे महिन्यात सावली शोधत वाढलेल्या वऱ्हाडी माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच ऊन शोधत हिंडावे लागते. ऊन नसण्याचा मनावर परिणाम होतो हे आता डॉक्टरही सांगतात. तेव्हा त्याला फक्त ‘करमत नाही’ म्हणत.

पंजाबराव तिथे टिकले. एडिंबरो विद्यापीठात त्या काळी आर्थर बेरिडेल कीथ हे संस्कृतचे प्राध्यापक होते. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या या विद्यार्थ्याने तिथे संस्कृतात एम.ए. केले, व्हान्स डनलॉप शिष्यवृत्ती मिळवली, पुढे ऑक्सफर्डची डी.फिल. घेतली, बॅरिस्टर झाले आणि १९२६ साली परत आले. त्यांच्या प्रबंधाचा विषय वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास हा होता. वेदांवरचे संशोधन करायला पापळच्या मुलाला स्कॉटलंड गाठावे लागले, ही त्या काळाची गंमत म्हणा किंवा शोकांतिका म्हणा.

एडिंबरोत हिंदी विद्यार्थ्यांची संघटना १८८३ सालीच स्थापन झाली होती. बंगालचे प्रफुल्लचंद्र राय त्याच दशकात तिथे रसायनशास्त्र शिकले. नवख्याला सांभाळून घेणारे चार लोक तिथे असत. तरीही शहराने सगळ्यांना उराशी धरले असे नाही. १९२७ साली तिथल्या काही उपाहारगृहांनी आणि नृत्यगृहांनी हिंदी विद्यार्थ्यांना दरवाजे बंद केले आणि त्यावर मोठा गहजब झाला. परदेशातले पहिले दिवस सांगताना हे विसरता कामा नये. शहर चांगले असते, प्राध्यापक चांगले असतात आणि त्याच शहरात एखाद्या दारावर आपल्याला आत घ्यायचे नाही असेही ठरलेले असते.

शेगडी आणि धूर

पंजाबरावांच्या आधी सदतीस वर्षे एक मराठी मुलगी याच वाटेने गेली. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. वय अवघे १८. नवरा बरोबर नाही, जवळचे नातलग कोणी नाही. बंदरावर त्यांना घ्यायला आल्या त्या रोसेल गावच्या कार्पेंटरबाई. दोघींची ओळख तोवर केवळ पत्रांतून झालेली. आनंदीबाईंनी त्यांना मावशी मानले आणि पहिले चार महिने त्यांच्याच घरी काढले. परक्या देशात उतरल्यावर पहिल्या दिवशी चूल पेटलेले एक घर मिळणे, हे त्यांचे भाग्य होते.

खरी परीक्षा पुढे होती. ऑक्टोबरात त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. अंगावर साडी, खाणे शाकाहारी आणि समोर पेनसिल्व्हेनियाचा हिवाळा. त्यांना मिळालेल्या खोलीतली शेगडी धड पेटत नसे. पेटवली तर धूर कोंडे, न पेटवावी तर थंडी. त्या मुलीने अभ्यास सोडला नाही आणि आपला पोशाख व आहारही सोडला नाही. महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचल बॉडली यांनी पुढे तिच्याकडे आईच्या मायेने लक्ष दिले. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई डॉक्टर झाल्या. पण प्रकृती ढासळली ती सावरलीच नाही आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांना २२ वर्षेही पुरी झाली नव्हती.

त्यांना क्षयाने गाठले. केवळ एका शेगडीमुळे हे झाले असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. पण आनंदीबाईंचे धैर्य आपण शाळेच्या पुस्तकात वाचतो, तेव्हा त्या धुराच्या खोलीकडे आपले लक्ष जात नाही. सोसणे हा आपल्याकडे गुण मानला जातो. घरापासून दूर गेलेल्या मुलाने किंवा मुलीने तक्रार करू नये, आईबापांना घोर लावू नये, असे संस्कार आपणच करतो. परदेशातल्या पहिल्या महिन्यात हा संस्कार फार महाग पडतो.

हार्टले हॉलचा एक आठवडा

तिसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेली दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन ते जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. वय २२. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात त्यांनी मुक्काम टाकला आणि आठवडाभरातच तो हलवला. कारण साधे होते, जेवण घशाखाली उतरेना. तिथून ते हिंदी विद्यार्थी राहत असलेल्या कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहू लागले.

पहिल्याच वर्षात तीन खोल्या. आजच्या बापाला मुलाने असे कळवले तर तो म्हणेल, अभ्यासाला गेलास की घरे बदलायला? सुरुवातीचे काही महिने त्यांचे मन अभ्यासात बसले नव्हते आणि मग एका पहाटे त्यांनी स्वतःलाच जाब विचारला, असेही त्यांच्या चरित्रात नमूद आहे. त्यानंतरचा अभ्यास जगाला ठाऊक आहे. ज्यांच्या व्यासंगाचे दाखले आपण मुलांना देतो, त्यांनाही परक्या शहरात रुळायला काही महिने लागले. मग आपल्या पोराकडून पंधरा दिवसांत गाडी रुळावर यावी अशी अपेक्षा कोणत्या हिशेबाने करायची?

त्या खोल्या बदलण्यातून त्यांना एक मित्र मिळाला. न्यूयॉर्कच्या वसतिगृहात जुळलेली भथेनांची मैत्री जन्मभर टिकली. १९२० साली अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा प्राध्यापकीतली शिल्लक आणि शाहू महाराजांची मदत यांच्या जोडीला भथेनांनी दिलेले कर्जही होते. लंडनच्या त्या दिवसांत खानावळीतले जेवण अपुरे पडे. रात्री उशिरा वाचताना भूक लागली की परिचिताने दिलेले पापड भाजून ते वेळ मारून नेत. आपल्या घरातली माउली बॅगेत पापड कोंबते तेव्हा तिला हसू नये. तिला कदाचित ठाऊक नसेल, पण तिच्या त्या पापडांना मोठा इतिहास आहे.

आजचा विद्यार्थी

आज बोटीचा प्रवास नाही. तीन आठवड्यांचे अंतर एका दिवसावर आले. फोनवर चेहरा दिसतो. असे असताना पहिल्या दिवसांचे एवढे काय, असे कोणाला वाटेल. पण बोटीचा एक उपकार होता. तीन आठवड्यांत मन हळूहळू घरापासून सुटत जाई, बरोबरीचे चार प्रवासी ओळखीचे होत. आज काल रात्री वाशिमला भाकर खाल्लेला मुलगा उद्या संध्याकाळी लंडनच्या किंवा मँचेस्टरच्या एका खोलीत एकटा उभा असतो. खोलीत पलंग आणि गादी असते, चादर-पांघरूण पुष्कळ ठिकाणी नसते. भिंतीवरच्या सॉकेटला तीन चौकोनी छिद्रे, आणि आपल्या चार्जरच्या पिना गोल. फोनची बॅटरी संपत आलेली. दुकान कुठे आहे ते फोनशिवाय कळणार नाही आणि अंधार पडू लागलेला. हे संकट मोठे नाही. पण त्या रात्री ते फार मोठे वाटते.

दुसरे दिवशी सामाईक स्वयंपाकघरात तो हौसेने फोडणी देतो. मोहरी तडतडते, मिरचीचा ठसका उठतो आणि छतावरची धुराची घंटा कर्कश वाजू लागते. सारी इमारत रिकामी होऊन थंडीत रस्त्यावर उभी राहते आणि सगळे या नव्या पोराकडे बघतात. परदेशी शिकून आलेल्या मराठी माणसांकडे अशी एक तरी फोडणीची गोष्ट असतेच. पुढे ती हसत सांगितली जाते. त्या दिवशी हसू येत नाही. काही मुले त्यानंतर कितीतरी दिवस पाव आणि दूध यांवरच काढतात. पुन्हा चूल पेटवण्याची भीतीच बसते.

याहून अवघड असतो तो पैशाचा भाग. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी फी आणि राहण्याचा खर्च भागेल एवढी रक्कम सलग २८ दिवस बँकेत असल्याचे दाखवावे लागते. आपल्याकडे शेतजमीन असते, पण परदेशी शिक्षणाच्या कर्जाला बँका सहसा शेतजमीन तारण घेत नाहीत. त्यांना घर लागते, अकृषक प्लॉट लागतो. मग मामाचे घर, काकाची ठेव, कोणाची तरी सही असे जुळवत कर्ज उभे राहते. सरकारी शिष्यवृत्त्या आहेत. राज्य शासनाची अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ सालापासून चालू आहे आणि केंद्राचीही योजना आहे. या योजनांमुळे शेतमजुरांची मुले नामांकित विद्यापीठांत पोहोचली, हे मोठेच काम झाले. पण कोणत्याही शिष्यवृत्तीचा किंवा कर्जाचा हप्ता आणि घरमालकाची भाड्याची तारीख यांची गाठ पडेलच असे नाही. पहिला हप्ता हाती येईपर्यंतचे दिवस कसे काढायचे, याची तजवीज निघण्यापूर्वीच करायला हवी. निदान दोन महिन्यांचे भाडे आणि जेवण यांची रक्कम वेगळी ठेवल्याशिवाय मुलाला विमानात बसवू नये.

खोलीचेही तसेच. इथे बसून परक्या शहरात खोली शोधताना फसवणूक करणारे टपलेले असतात. छायाचित्र सुरेख, भाडे कमी आणि आगाऊ रक्कम आजच पाठवा असा आग्रह दिसला की समजावे, पाणी मुरते आहे. खासगी घरमालक अनेकदा ब्रिटनमध्येच राहणारा जामीनदार मागतात. तो आपण कुठून आणणार? म्हणून पहिले वर्षभर तरी विद्यापीठाचे वसतिगृह बरे. भाडे थोडे जास्त पडते, पण शेगडी पेटत नसेल तर सांगायला कोणीतरी असते.

आणि एक. विद्यार्थ्याला तिथे सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. कर्जाच्या ओझ्याने मुले पहिल्याच आठवड्यात काम शोधू लागतात. काम करण्यात कमीपणा नाही. पण पहिला महिना वर्ग, ग्रंथालय, डॉक्टरकडची नोंदणी आणि शहराच्या वाटा यांना दिला नाही, तर पुढचे वर्षभर मुलगा धावतच राहतो. व्हिसाच्या वेळी आरोग्याचा अधिभार आपण भरलेला असतो; तेव्हा डॉक्टरकडे नाव नोंदवायला संकोच कसला? तो हक्काचा आहे.

घरच्यांनी काय विचारावे

आता आपल्याकडे, म्हणजे इथे मागे राहिलेल्यांकडे येऊ. आपण फोनवर विचारतो, कसा आहेस? या प्रश्नाला एकच उत्तर असते. त्याऐवजी लहान आणि नेमके प्रश्न विचारावेत. खोली गरम राहते का? आज दुपारी काय खाल्लेस? खात्यात किती शिल्लक आहे? आज कोणाशी बोललास, आणि त्याचे नाव काय? या शेवटच्या प्रश्नाला सलग आठ दिवस उत्तर मिळाले नाही, तर ती काळजीची गोष्ट समजावी. मुलगा अभ्यासात गढला आहे अशी स्वतःची समजूत घालू नये.

फोनच्या वेळेचेही भान हवे. उन्हाळ्यात ब्रिटन आपल्या साडेचार तास मागे असते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे घेतात आणि अंतर साडेपाच तासांचे होते. आईने सवयीने सकाळी नऊला फोन केला, तर तिथे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. पोरगा दचकून उठतो, घरी काही झाले तर नाही ना! दिवाळी याच सुमारास येते. फराळाचा फोटो जरूर पाठवावा, पण तो पाहून त्या रात्री त्याला जेवण जाणार नाही हेही लक्षात असू द्यावे. तिथल्या महाराष्ट्र मंडळाचा पत्ता त्याच्याजवळ असावा. लंडनचे मंडळ १९३२ सालापासून आहे. मंडळात गेल्याने मुलगा तिथल्या लोकांत मिसळणार नाही, ही भीती व्यर्थ आहे. ज्याचे पोट भरलेले आणि मन ठिकाणावर आहे, तोच बाहेरच्यांत मिसळतो.

आणि परत यावेसे वाटते असे तो पहिल्या महिन्यात म्हणाला, तर त्याला कर्जाची आठवण करून देऊ नये. ती त्याला असतेच, आपल्याहून जास्त असते. ऐकून घ्यावे. खोली बदलायची असेल तर बदलू द्यावी. हार्टले हॉल सोडणाऱ्या त्या बावीस वर्षांच्या तरुणाला कोणी अडवले असते तर नवल भथेना भेटले नसते.

एक गोष्ट सांगून थांबतो. पंजाबराव विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले. वकिलीत पैसा होता. पण परतल्यावर लवकरच त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले, खेड्यांतून येणाऱ्या सर्व जातींच्या मुलांसाठी. शिवाजी शिक्षण संस्था त्यानंतर, १९३२ साली आली. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढल्याच वर्षी, जानेवारी १९२५ मध्ये, सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. दोघेही जगातल्या मोठ्या विद्यापीठांतून आले होते. दोघांनीही शाळा-महाविद्यालयांचे डोंगर पुढे उभे केले. पण सुरुवात केली ती खोलीपासून. घराबाहेर पडलेल्या मुलाला पहिल्या रात्री काय लागते, हे दोघांनाही स्वतःच्या अनुभवाने माहीत होते.

वाशिमच्या एखाद्या घरातून आज निघालेली मुलगीही दोन वर्षांनी पदवी घेऊन परतेल. तिला सत्कार, हार, शाल सगळे मिळेल. त्या गर्दीत तिला एवढेच विचारावे, तुझी पहिली रात्र कशी गेली? तोवर तिला हसत सांगता येईल. आणि पुढल्या सप्टेंबरात गावातून जी दुसरी बॅग भरली जाईल, तिच्यात चौकोनी पिनांचे एक प्लग तरी नक्की असेल.